लघाट्यांनी न विकलेला एक नग

खंडेराव गेटच्या आत डाव्या हाताला साहूंचं भांड्यांचं दुकान आहे. समोरून ते बारा फूट रुंद. मागे किती खोल, हे साहूंच्या घरातल्यांनाही नक्की सांगता येत नाही. पुढे काउंटर, त्यामागे कोठार, कोठारावर माळ्यासारखं दुसरं कोठार. या दोन कोठारांत विद्याधर लघाटे एकतीस वर्षं काम करत होते. कढईचा कुठला आकार कुठल्या फळीवर, कुठल्या पोत्यात झारे आणि कुठल्यात सांडश्या, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. डोक्यातलं कागदावर उतरवावं असं त्यांना कधी वाटलं नाही आणि तशी मागणीही कधी कुणी केली नाही.

लघाटे मंडळी सुभेदारांच्या काळात झाशीला आली ती कोठीच्या कारकुनीवर. पुढे सुभा गेला, कोठी गेली, धान्य गेलं. एक सवय तेवढी घरात राहिली: डबा तळापर्यंत रिकामा करायचा नाही. तांदूळ मूठभर उरले की त्या मुठीवरच नवे ओतायचे. विद्याधररावांच्या आईने हे पाळलं, त्यांची बायको शारदा पाळते आणि विद्याधररावांनी ते दुकानात पाळलं. कुठल्याही मालाचा शेवटचा नग ते विकत नसत. बारा तांबे आले तर अकरा जात, बारावा फळीवर राही. नवा माल आला की तो जुना नग विकायला मोकळा, आणि नव्यातला एक त्याच्या जागी.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. माणूस केरसुणी ओलांडत नाही तेव्हा सभोवतीच्यांना त्याची कारणं देत बसत नाही. शिवाय ‘शेवटचा आहे’ असं तोंडाने म्हणणं हेच मुळात नियमात बसत नव्हतं. गिऱ्हाइकाने मागितलं की ते म्हणत, “आने वाला है.” आणि ते खोटं नसे. एकच नग उरला की लघाटे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चिठ्ठी लिहून मालकांच्या, म्हणजे लखनलालजींच्या, गादीवर ठेवत आणि आठ-पंधरा दिवसांत माल खरोखरच येई. अशी एकतीस वर्षं गेली.

२००५ साली दुकानात कॉम्प्युटर आला.

तो आणला लखनलालजींच्या सूनबाईंनी. स्नेहलता हे त्यांचं नाव. माहेर कानपूरचं, धंद्याच्या व्यवस्थापनाची पदविका घेतलेल्या, बोलायला गोड आणि हिशेबी. पडून राहिलेला माल म्हणजे मेलेला माल, असं त्या पदविकेने त्यांना शिकवलं होतं. त्यांनी ग्वाल्हेरच्या एका कंपनीकडून प्रोग्राम घेतला, स्टिकर छापणारं यंत्र घेतलं, आणि काउंटरवर लाल उजेडाची एक बंदूक ठेवली. ती स्टिकरवर धरली की टीं करून वाजे आणि साठ्यातला एक नग कमी होई.

स्टिकर लावायला सोळा दिवस लागले. लघाटे एकेक भांडं काढून देत, स्नेहलताजी नाव टाइप करत. झाशीतली जुनी मराठी घरं आणि बबिन्याच्या छावणीतली फौजी कुटुंबं यांच्यासाठी लघाटे काही माल मुद्दाम ठेवत. त्या मालापाशी काम अडलं.

“ये क्या है, चाचाजी?”

“विळी.”

“करते क्या हैं इससे?”

“इस पे बैठ के भाजी काटते हैं.”

स्नेहलताजींनी लिहिलं: ‘चाकू, बैठने वाला’. मोदकपात्राचं ‘इडली कुकर, बिना गड्ढे’ झालं. पुरणयंत्र त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं, दांडा फिरवून पाहिला आणि लिहिलं: ‘मराठी चलनी, हैंडल वाली’. लघाट्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. चूक म्हणावी तर काही चूक नव्हती.

सगळं झाल्यावर स्नेहलताजींनी त्यांना खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं, “अब आपको चिट्ठी लिखने की ज़रूरत नहीं. जो चीज़ खतम होगी, सिस्टम खुद लिस्ट निकालेगा, खुद मँगाएगा.”

“खुद?”

“खुद.”

लघाट्यांनी मान हलवली. कॅलेंडरचे कागद त्यांनी दोरीने बांधून माळ्यावर ठेवून दिले. चिठ्ठ्यांचा ताप गेला, याचा त्यांना बराच आनंद झाला.

आता इथून पुढे काय झालं ते नीट पाहायला हवं. दुकानातल्या कुणीही ते नीट पाहिलं नाही. माल शून्यावर आला की मागवायचा, असं स्नेहलताजींनी सिस्टममध्ये भरून घेतलं होतं. लघाटे माल एकाच्या खाली जाऊ देत नव्हते. सिस्टम शून्याची वाट पाहत होती, लघाटे सिस्टमची वाट पाहत होते. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते.

कार्तिकात परातींच्या फळीवर एकच परात उरली. मार्गशीर्षात पळ्या, पाटे, दुधाची कॅन. माघ उजाडेपर्यंत स्क्रीनवर तीनशे बारा प्रकारांपुढे १ हा आकडा दिसू लागला. गिऱ्हाईक माल मागे, काउंटरवरून आतल्या बाजूला हाक जाई, आणि आतून शांत उत्तर येई: “आने वाला है.”

“लेकिन यहाँ तो एक दिखा रहा है,” स्नेहलताजी म्हणत.

“हां जी, एक है,” लघाटे म्हणत.

“तो दीजिए.”

“आने वाला है.”

पहिल्यांदा स्नेहलताजींना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग वाटलं, चाचाजींना नीट ऐकू येत नाही. पंधरा दिवसांनी वाटलं, सिस्टम बिघडली. त्यांनी ग्वाल्हेरला फोन केला. तिथून कंपनीचे श्रीकृष्ण फाळके आले. पन्नाशीचे, डोक्यावर केस नाहीत, हातात चौकोनी पेटी. फाळके ग्वाल्हेरचे मराठी. समजायचं सगळं, पण बोलायची वेळ आली की हिंदीत उतरत.

फाळक्यांनी यादीतले दहा प्रकार निवडले आणि लघाट्यांना आणायला सांगितले. लघाट्यांनी दहाही आणले, प्रत्येकी एक, फडक्याने पुसून, काउंटरवर ओळीने मांडले. फाळक्यांनी बंदूक लावून पाहिली. दहाच्या दहा जुळले.

“सिस्टम तो बिलकुल सही है,” फाळके म्हणाले.

“सही है तो बिक क्यों नहीं रहा?”

“वो सिस्टम नहीं बताएगा, मैडम.”

लघाटे तिथेच उभे होते, हातात फडकं घेऊन. त्यांना विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. फाळक्यांचा करार सिस्टमपुरता होता आणि स्नेहलताजींचा प्रश्न फाळक्यांना होता. लघाट्यांनाही वाटलं, एवढी शिकलेली माणसं बोलताहेत तर हे काही तरी वेगळंच चाललं असणार. त्यांनी दहा नग उचलले आणि पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवले.

त्या संध्याकाळी स्नेहलताजी सासऱ्यांशी बोलल्या. माल आहे, विचारला की दाखवतात, पण गिऱ्हाइकाला देत नाहीत. याचा अर्थ माल दुसऱ्या कुणासाठी राखला जातो. कुणासाठी, ते देव जाणे. लखनलालजींना हे पटलं नाही आणि पटलंही. एकतीस वर्षांच्या माणसाबद्दल असं ऐकलं की आधी राग येतो, मग आठवणी चाळल्या जातात, आणि चाळताना एखादी तरी शंकेची निघतेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लघाट्यांना गादीजवळ बसवलं.

“लघाटे जी, होरी के बाद पूरी गिनती हुइहै. मशीन में जितनो, कोठार में उतनो.” लखनलालजी बुंदेलीत बोलत, आणि अवघड असेल ते जास्तच बुंदेलीत. “एक नग को फरक निकरो, तो फिर आप घर बैठो. हम कछू न कहें, आप कछू न कहो.”

“गिनती बराबर निघेल, बाबूजी.”

“बस. हमें और का चाहने.” गिनती होईपर्यंत सिस्टममधून मागणीपत्रं काढायची नाहीत, असं स्नेहलताजींनी ठरवून टाकलं.

लघाटे घरी आले ते चहा न घेता बसून राहिले. शारदेने विचारलं, “काय झालं?”

“होळीनंतर गिनती आहे. फरक निघाला तर घरी बसायचं.”

“चोर म्हणाले का?”

“नाही. गिनती म्हणाले.”

“एकच ते.” शारदेने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. “फरक निघेल का?”

“कसा निघेल? एकेक नग मीच ठेवलाय.”

“मग घाबरताय कशाला?”

लघाट्यांनी विचार केला. घाबरायला कारण नव्हतं. पण एकतीस वर्षांत ज्या माणसाला ‘कुठे आहे’ एवढंच विचारलं गेलं, त्याला पहिल्यांदा ‘आहे ना?’ असं विचारलं गेलं होतं. घरी बसायची वेळ कधी तरी येणारच. पण फरक निघाला म्हणून बसणं वेगळं. ते शारदेला सांगायला शब्द सापडेनात, म्हणून ते म्हणाले, “साखर कमी आहे.”

“नेहमीचीच आहे,” शारदा म्हणाली.

होळीला चार दिवस असताना बबिन्याहून दुकानात फोन आला. हवालदार जयसिंग यांच्या पत्नी कांताबाई बोलत होत्या. गाव साताऱ्याकडचं, दोन वर्षांपूर्वी बदलीवर आलेल्या. त्यांना पुरणयंत्र हवं होतं. स्नेहलताजींना हा शब्द नवा होता, तेव्हा कांताबाईंनी आपल्या हिंदीत वर्णन केलं: ऊपर से दाल डालने का, दांडा घुमाने का, नीचे से बारीक गिरता. स्नेहलताजींनी स्क्रीनवर शोधलं. ‘मराठी चलनी, हैंडल वाली’. पुढे १.

“है जी. एक पीस है. आ जाइए.”

कांताबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आल्या. छावणीतल्या पंधरा मराठी घरांच्या पोळ्या यंदा त्यांच्याकडे होत्या. मागच्या वर्षी पुरण चाळणीतून काढून मनगट धरलं होतं, हे त्यांनी काउंटरपाशी बसल्याबसल्याच सांगून टाकलं. स्नेहलताजींनी आत हाक दिली. लघाटे बाहेर आले.

“येणार आहे, ताई,” ते म्हणाले.

“येनार? मी घ्यायला आले की ते. बाईंनी फोनवर हाय म्हनून सांगिटलं.”

“आहे हो. पण येणार आहे.”

कांताबाईंनी स्नेहलताजींकडे पाहिलं. स्नेहलताजींनी स्क्रीन वळवून दाखवला. १ तिथेच होता.

“चाचाजी,” स्नेहलताजी हळू पण स्पष्ट म्हणाल्या, “ये बहनजी बबीना से आई हैं. मशीन में एक है. कोठार में एक है. आप खुद कह रहे हैं एक है. अब आप मुझे समझाइए कि इनको क्यों नहीं मिल सकता. बाबूजी भी सुन रहे हैं.”

बाबूजी गादीवर पेपर धरून बसले होते. पेपर खाली झाला.

हा प्रश्न लघाट्यांना पहिल्यांदाच विचारला गेला होता. त्यांना उत्तर येत होतं, पण ते तोंडाने कधी दिलेलं नव्हतं. ते हिंदीत सुरू झाले, अडले, आणि मराठीत कांताबाईंकडे वळले. “फळी रिकामी ठेवत नाही आपण. तळाचं एक राहू देतात. मग त्याच्यावर येतं.”

स्नेहलताजींना काही कळलं नाही. कांताबाईंना कळलं.

“तळाचं व्हय,” त्या म्हणाल्या. “आधी सांगायचं न्हाई का, दादा. आमच्याकडं बी कणगी झाडून काढत न्हाईत. आमची सासू तर मला मारंल.” त्या उठल्या, पिशवी खांद्याला लावली. “मग ऱ्हाऊ द्या. आलं की फोन करा. मनगट हाय अजून.”

“आप जा रही हैं?” स्नेहलताजींनी विचारलं.

“तळ का है जी,” कांताबाईंनी त्यांना समजावलं. “तळ का कैसे लेने का?”

स्नेहलताजी खाली बसल्या. पंचवीस किलोमीटरवरून आलेलं गिऱ्हाईक वस्तू समोर असताना, हातात पैसे असताना, समाधानाने रिकाम्या हाताने चाललं होतं. पदविकेत या प्रसंगावर धडा नव्हता.

कांताबाई दुकानाच्या पायरीपर्यंत पोचल्या आणि लघाटे म्हणाले, “थांबा.”

का थांबवलं, हे त्यांनी पुढे शारदेलाही नीट सांगितलं नाही. कांताबाई भांडल्या असत्या तर त्यांनी यंत्र दिलं नसतं, एवढं नक्की. एकतीस वर्षांत भांडणारे पुष्कळ पाहिले होते. नियम मान्य करून निघालेलं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि पाहिल्यावर नियमाचं काय करायचं ते त्यांना सुचेना. ते आत गेले, वरच्या कोठारात चढले आणि पुरणयंत्र घेऊन आले. फडक्याने पुसलं. काउंटरवर ठेवलं.

बंदूक टीं करून वाजली. स्क्रीनवर १ च्या जागी ० आला. लघाट्यांनी तो पाहिला आणि डोळे दुसरीकडे वळवले.

कांताबाई गेल्यावर लखनलालजींनी विचारलं, “काय लघाटे जी, हर चीज को एक-एक राख लेत हो?”

“हां जी.”

“कब से?”

“सुरुवातीपासून.”

लखनलालजी पेपरकडे पाहत राहिले. त्यांच्या घरातही पिठाचा डबा कधी वाजत नसे. पण घर आणि दुकान यांत फरक असतो, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं.

“ये सच भी हो सकता है,” स्नेहलताजी म्हणाल्या, “और बहाना भी. गिनती में पता चलेगा.” हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लघाटे दुकानात आले तेव्हा त्यांच्या हातात जेवणाच्या डब्याच्या पिशवीबरोबर आणखी एक पिशवी होती. ते थेट वरच्या कोठारात गेले. रिकाम्या फळीसमोर थोडा वेळ उभे राहिले. मग पिशवीतून पुरणयंत्र काढलं आणि जागेवर ठेवलं. त्यानंतर त्यांना बरं वाटलं. गिनतीचा विचार त्यांच्या मनात आला नाही. त्यांच्या हिशेबी गिनती कमी पडली की फरक. भरलेल्या फळीत फरक कसला?

होळीच्या दिवशी शारदेने डाळ शिजवली, गूळ घातला, आणि फडताळ उघडलं.

“अहो, पुरणयंत्र कुठे आहे?”

“दुकानात.”

शारदा पळी हातात धरून बाहेर आली. “दुकानात का?”

“तिथलं एक गेलं.”

“दुकानातलं घरी आणतात माणसं. घरचं दुकानात नेणारा तुमच्याशिवाय झाशीत दुसरा दाखवा.”

“जागा रिकामी होती.”

“आणि इथे?” तिने फडताळाकडे बोट दाखवलं. तिथेही आता एक जागा रिकामी होती. लघाट्यांनी ती पाहिली. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

शारदेने पुरण चाळणीवर वाटीने घासून काढलं. पोळीत गाठी लागत होत्या. दोघांनी पोळ्या गाठींसकट खाल्ल्या.

गिनती दोन दिवस चालली. फाळके ग्वाल्हेरहून आले होते. ते नाव पुकारत, लघाटे माल काढून देत, स्नेहलताजी बंदूक लावत, आणि लखनलालजी खुर्ची टाकून मध्ये बसले होते. एक हजार नऊशे सात प्रकार. चमचे जुळले. झारे जुळले. ‘चाकू, बैठने वाला’ जुळला. पहिल्या दिवशी दुपारी स्नेहलताजींच्या चेहऱ्यावरचा संशय कमी झाला, संध्याकाळी गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी काळजी आली. माल बरोबर आहे, तर मग त्यांनी एका म्हाताऱ्या माणसाला इतके दिवस काय समजून वागवलं होतं?

सगळ्यांत शेवटी वरचं कोठार. फाळक्यांनी पुकारलं, “मराठी चलनी, हैंडल वाली. ज़ीरो.”

लघाट्यांनी पुरणयंत्र काढून दिलं.

“ज़ीरो,” फाळके पुन्हा म्हणाले.

“एक,” लघाटे म्हणाले.

कोठारात यंत्र होतं, मशीनमध्ये नव्हतं. फरक निघाला होता, एका नगाचा.

“जो कहाँ से आओ?” लखनलालजींनी विचारलं.

“घरून.”

“काय के लाने?”

“जगह खाली थी.”

स्नेहलताजींनी यंत्र हातात घेतलं. त्याला स्टिकर नव्हता. लाकडी मूठ हाताळून काळी पडली होती. बाजूला बारीक अक्षरांत नाव कोरलेलं होतं, त्यांनी ते अडखळत वाचलं: ‘चि. सौ. कां. शारदा हिस आत्याकडून, १९७४’. त्यांनी ते दोनदा वाचलं. मराठी त्यांना येत नव्हती, पण नाव आणि साल कळलं. लग्नात आलेलं भांडं घराबाहेर काढणं म्हणजे काय, हे कानपुरातही कळतं.

“चाचीजी की शादी का है?”

“हां जी.”

“होली पर उन्होंने…”

“चाळणीने केलं,” लघाटे म्हणाले, आणि सगळ्यांना समजावं म्हणून पुढे म्हणाले, “ठीक बना था.” हे त्यांचं त्या दोन दिवसांतलं एकमेव खोटं विधान.

लखनलालजींनी कपाळ चोळलं. “कम निकरतो तो हम कछू सोचते. जादा निकरो, अब का करें? फाळके जी, मशीन का कहत है?”

“मशीन के हिसाब से मिस्मैच है, बाबूजी. कम हो या ज़्यादा, लाल ही दिखाती है.”

“बाबूजी से यही शर्त मैंने रखवाई थी,” स्नेहलताजी म्हणाल्या. “एक नग का फरक. लेकिन मेरा मतलब…” त्या थांबल्या. आपला अर्थ काय होता हे त्यांनाच आता सांगता येईना.

लघाटे फडक्याने हात पुसत उभे होते. फरक निघाला तर घरी बसायचं, हे ठरलेलं होतं. त्यांनी माळ्यावरच्या आपल्या पिशवीकडे पाहिलं. घरी जाताना यंत्र घेऊन जावं की ठेवून जावं, एवढाच प्रश्न त्यांना पडला होता. नेलं तर गिनती जुळते आणि फळी रिकामी होते. ठेवलं तर फळी भरते आणि गिनती चुकते.

मार्ग फाळक्यांनी काढला. आलेला माल म्हणून नोंद करा, ते म्हणाले, म्हणजे मशीनमध्ये एक, कोठारात एक. स्नेहलताजींनी गिनतीसाठी वर आणलेल्या कॉम्प्युटरवर नोंदीची खिडकी उघडली, मालाचं नाव भरलं, संख्या भरली. पुढचा चौकोन रिकामा ठेवला तर मशीन पुढे जाऊ देईना. तिथे माल पुरवणाऱ्याचं नाव हवं होतं. त्यांनी लिहिलं: ‘शारदा लघाटे’. पत्ता कामगारांच्या रजिस्टरातून घेतला. बटण दाबलं. लाल गेलं, हिरवं आलं.

“मिलान हो गया,” फाळके म्हणाले.

“तो लघाटे जी कल टैम से आइयो,” लखनलालजी म्हणाले आणि खुर्ची उचलून खाली गेले.

स्नेहलताजी मागे राहिल्या. “चाचाजी, ये एक-एक वाली बात… इसका सिस्टम में कुछ हो सकता है?” हा प्रश्न त्यांनी लघाट्यांना विचारला, पण उत्तर फाळक्यांनी दिलं.

“उसका कॉलम तो पहले से है, मैडम. कम-से-कम साठा. आपने ज़ीरो भरवाया था. एक भर दीजिए, एक पर आते ही ऑर्डर निकल जाएगा. हमारी आई भी डिब्बे में नीचे का छोड़ती है.”

“तो उस दिन क्यों नहीं बताया?”

“उस दिन आपने सिस्टम का पूछा था.”

त्या संध्याकाळी मशीनमधून मागणीपत्रांचा गठ्ठा निघाला. एकच नग उरलेल्या प्रत्येक प्रकारासाठी ज्याच्याकडून शेवटचा माल आला होता त्याच्या नावाने पत्र. पाकिटांवर तिकिटं लावायचं काम लघाट्यांकडे आलं. मुरादाबाद, जगाधरी, दिल्ली, मुरादाबाद. मध्येच एक पाकीट त्यांच्या स्वतःच्या घरच्या पत्त्याचं निघालं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. सिस्टमने काढलं होतं, तेव्हा त्याला काही कारण असणार. त्यांनी तिकीट लावलं आणि बाकीच्यांबरोबर पोस्टाच्या पेटीत टाकलं.

तिसऱ्या दिवशी शारदेने ते पत्र त्यांच्यापुढे धरलं. ‘महोदय, कृपया मराठी चलनी, हैंडल वाली, छह नग शीघ्र भेजें.’

“हे काय आहे?”

“ऑर्डर.”

“मला?”

“तू पुरवतेस ना.”

“मी पुरवते?” शारदेने पत्र पुन्हा वाचलं. तिला आयुष्यात कुणी महोदय म्हटलं नव्हतं. “माझं घेऊन गेलात, ते परत द्यायचं सोडून आणखी सहा मागताय?”

“मी नाही, सिस्टम मागते. तुझं आता काढता येत नाही. काढलं की शून्य होतं.”

“मग माझं मला मिळणार कसं?”

लघाट्यांनी बराच वेळ विचार केला. नवा माल आला की जुना नग मोकळा होतो. पण नवा माल आता फक्त शारदेकडूनच येऊ शकत होता. “तू सहा दिलेस तर,” ते म्हणाले.

एवढं ऐकल्यावर दुसरी कुणी बाई पत्र चुलीत घालती. शारदेने ग्वाल्हेरला आपल्या बहिणीला, कमळाला, फोन लावला. तिथल्या बाजारात पुरणयंत्रं मिळतात. कमळाने हसून घेतलं, मग कारण विचारलं, मग पुन्हा हसून घेतलं, आणि झाशीला येणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर खोका पाठवून दिला. तोवर बबिन्याहून कांताबाईंचा फोन दोनदा येऊन गेला होता. पोळ्या चांगल्या झाल्या होत्या आणि छावणीतल्या आणखी चौघींना यंत्र हवं होतं. स्नेहलताजींनी ते वहीत लिहून घेतलं. धंद्याला सिस्टमचा उपयोग होतो आहे, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. कुठे आणि कसा, ते मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

शारदा टेंपोतून खोका घेऊन दुपारी दुकानात आली. एकतीस वर्षांत ती काउंटरच्या आत पहिल्यांदाच येत होती. स्नेहलताजींनी उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, पाणी दिलं. लघाट्यांनी खोका फोडला, सहा यंत्रं मोजली, वर नेऊन मांडली. शारदा त्यांच्या मागोमाग जिना चढली, फळीवरून आपलं जुनं यंत्र उचललं, पदराने पुसलं आणि पिशवीत घातलं.

खाली स्नेहलताजींनी पावती पुढे केली. मागितले किती, सहा. आले किती, हा चौकोन लघाट्यांनी भरायचा होता. सहा आले होते, हे खरं. एक गेलं, हेही खरं. फळीवर सहा होते, पण मशीनच्या मते सात असायला हवे होते, कारण शारदेचं जुनं यंत्र मशीनमध्ये आलेला माल म्हणून चढलेलं होतं आणि आज ते बंदूक न वाजताच पिशवीत गेलं होतं. सहा लिहिलं तर पुढच्या गिनतीत एकाचा फरक निघणार. पाच लिहिलं तर फळी आणि मशीन जुळणार, पण शारदेने सहा आणलेले त्यांनी स्वतः मोजले होते.

लघाट्यांनी पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

“किती वेळ लावताय?” शारदा म्हणाली. “टेंपोवाला थांबलाय.”

“चाचाजी, क्या हुआ?” स्नेहलताजींनी विचारलं. “कम है?”

“नहीं जी.”

“ज़्यादा है?”

लघाट्यांनी पेन चौकोनावर टेकवलं आणि पुन्हा उचललं. स्नेहलताजी उठल्या, त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि दोघंही त्या रिकाम्या चौकोनाकडे पाहत राहिले.